कार्डावरून कमी केलेलं नाव

बाळापूरच्या स्टँडवरून अकोल्याची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मिक्सर होता आणि शेजारी सहावीतली माझी मुलगी ऋतुजा. बाकी सामान म्हणजे दोन पिशव्या आणि एक पत्र्याची पेटी. सासू, सासरे, धाकटा दीर, जाऊ, सगळे पोचवायला आले होते. भांडण झालेलं नव्हतं. कोणी मला जा म्हटलेलं नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खिडकीशी येऊन म्हणाले, "दोन मईने पाह्य. नाई जमलं तं येऊन जाजो."

मी हो म्हटलं. दोन महिन्यांची गोष्ट नाही हे त्यांनाही कळत होतं. जाऊबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. माझे डोळे कोरडे होते. प्रकाश गेल्यापासून मला रडू येत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

प्रकाश, माझा नवरा, बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचा. दर वर्षी म्हणायचा, "यंदा शाळेले अनुदान येते म्हणते." एका सकाळी शाळेतच त्याच्या छातीत दुखलं आणि अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मामाजी अनुदानित शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना पेन्शन होती. त्या एका पेन्शनवर दिराच्या दोन पोरांसकट आम्ही आठ माणसं जेवत होतो. माझ्या ताटाकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तरीही मी दुसरी पोळी घेईनाशी झाले होते. तेव्हाच ठरवलं, की निघायचं.

बडनेऱ्याला माझी बहीण राहते, मेहुणे रेल्वेत आहेत. त्यांनी जुन्या वस्तीत पत्र्याची एक खोली बघून दिली आणि अमरावतीला मुलांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम लावून दिलं. पहाटे उठायचं, ऋतुजाचा डबा करायचा, ऑटोनं अमरावती गाठायची आणि दुपारपर्यंत लाटायचं. हात चालत असायचे. डोक्यात काही नसायचं. लोक विचारायचे, करमतं का? करमणं म्हणजे काय हेच आठवत नसेल तर माणूस काय सांगणार?

मेसवाल्या काकूंनी एक दिवस विचारलं, "तू निराधारचा फॉर्म काहून भरत नाही? विधवा बाईले सरकार मईन्याले पैसे देते."

मी गेले. कागदांची यादी लांबलचक होती. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड. सेतू केंद्रातल्या माणसानं माझं रेशनकार्ड उलटून पाहिलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, हे कार्ड सासऱ्यांच्या नावावर आहे. ते पेन्शनर. त्यांच्या कार्डावर तुमचं नाव असेपर्यंत तुम्ही निराधार कशा?" आधी तिथून नाव कमी करा, मग इथं वेगळं कार्ड काढा, असं त्यानं समजावलं. नाव कमी करायला कार्डधारकाची सही लागणार होती.

तो अर्ज घेऊन मी रविवारी बाळापूरला गेले. मामाजींनी चष्मा लावला आणि मास्तर उत्तरपत्रिका वाचतात तसा कागद वाचला.

"हे नाव कमी करून काय कराचं?"

"निराधारचा अर्ज करायचा आहे."

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आमी जित्ते असताना तू निराधार? उद्या लोक काय म्हणतीन? पोरगा गेला अन् मास्तरनं सुनेचं नावही काटलं म्हणतीन. माह्या हातून हे होणार नाई, बाई. तुले झेपत नसन तं वापस ये."

मी चहा प्यायले, तो कागद टेबलावरच ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला आले. राग आला नाही. त्यांचं बोलणं खरं होतं आणि माझी गरजही खरी होती. परत जायचं नाही एवढंच मला पक्कं ठाऊक होतं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या सुमारास सासूबाईंचा फोन आला. "ये. सही केली त्याईनं." मी गेले तेव्हा मामाजी घरात नव्हते. देवळात गेलेत, असं सासूबाई म्हणाल्या. ते भर दुपारी कधी देवळात जात नसत. मी गेल्या वेळी ठेवून आलेला अर्ज टेबलावर होता आणि त्यावर त्यांची वळणदार सही होती. पुरवठा कार्यालयातल्या बाबूनं तांबड्या पेनानं माझ्या आणि ऋतुजाच्या नावावर रेघ मारली, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.

बडनेऱ्याचं नवं कार्ड निघालं, अर्ज गेला. मग एके दिवशी चौकशीला तलाठी मॅडम आल्या. तरुण होत्या, बोलायला नीट होत्या. पंच म्हणून शेजारच्या शांताबाई आणि समोरचे किराणावाले बसले. खोली किती, काम काय, मुलगा आहे का, अशी विचारपूस चालू असतानाच दारात मामाजी उभे राहिले. खांद्यावर ज्वारीची चुंगडी होती. स्टेशनावरून ते पोतं घेऊन चालत आले होते. येणार असल्याचं त्यांनी कळवलं नव्हतं. त्यांनी ओझं भिंतीशी टेकवलं आणि घाम पुसला.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी सासरा हिचा. बाळापूरचा."

मॅडमचं पेन थांबलं. "मग काका, तुम्ही यांना धान्य देता? ही ज्वारी यांच्यासाठी आणली का?"

मला वाटलं, आता ते हो म्हणतील, आणि अर्ज बाद होईल. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं. खोटं बोललेल्या पोराला वर्गाबाहेर उभं करणारा माणूस तो. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही शिकवलं नव्हतं.

मामाजी म्हणाले, "नाई. ही अमरावतीच्या एका माणसाची आहे. त्याले द्याची आहे. वाटेत होतं म्हणून नातीले भेटाले आलो."

"म्हणजे तुम्ही काहीच देत नाही?"

"काईच देत नाई. कार्डावरून नावही कमी केलं. लिहा तुमी."

शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मॅडमनी लिहून घेतलं आणि त्यांची सही मागितली. त्यांनी सही केली आणि सवयीनं खाली लिहिलं, सेवानिवृत्त शिक्षक.

सगळे गेल्यावर मी चहा ठेवला. मामाजी उठून चुंगडीला हात घालत होते.

"आता तरी ठेवा ना मामाजी. गेल्या त्या."

"नाई. लिहून देलं ना मी."

"चहा तरी?"

"गाडी आहे माही."

सत्तरी ओलांडलेला माणूस ते ओझं पुन्हा खांद्यावर घेऊन गल्लीतून निघाला. कोपऱ्यापर्यंत दोनदा थांबला. मी दारात उभी होते. धावत जाऊन हात लावायला हवा होता, हे मला समजत होतं, पण गेले नाही. मग आत आले आणि दोन्ही कप चहा मीच प्यायले. ती ज्वारी त्यांनी कुठं टाकली, कोणाला दिली, मी कधी विचारलं नाही.

काही महिन्यांनी मंजुरी आली. पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हात पुसून वाचला आणि पुढची पोळी घेतली. बाळापूरला फोन केला तर सासूबाईंनी उचलला. मागून मामाजींचा आवाज ऐकू आला, "बरं झालं म्हणा तिले."

माझ्यासारख्या निघालेल्या बायकांनी हे वाचलं तर एवढं सांगते. आधी कार्ड वेगळं करा. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकसारखं आहे ना, ते पाहा. तहसीलच्या खिडकीवर कोणी "ओ निराधारवाल्या बाई" म्हणून हाक मारली तर हातातल्या कागदांकडे पाहायचं आणि पुढं सरकायचं. आणि जे मागं राहिलात, त्यांनी सही मागायला आलेल्या माणसाला फार वेळ उभं ठेवू नका. त्याला तिथं यायलाच खूप दिवस लागलेले असतात.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिवंत आहे, पुन्हा लग्न केलेलं नाही, असं लिहून द्यायचं. पहिल्या वर्षी ते लिहिताना हात अडला होता. आता अडत नाही. ऋतुजा अकरावीला आहे. खोलीला कूलर घेतला आहे. संध्याकाळी शांताबाई आणि मी ओट्यावर भाजी निवडत बसतो. कधीकधी त्यांच्या एखाद्या बोलण्यावर मला हसू येतं आणि मीच दचकते.

या उन्हाळ्यात बाळापूरला चार दिवस राहून आले. जाऊबाई मला कामाला हात लावू देत नाहीत, पाहुणीसारखं पाटावर वाढतात. मामाजी थकले आहेत, पण निघताना स्टँडवर एकटेच पोचवायला आले. इतकी वर्षं बडनेऱ्याचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. "तिकडं" म्हणायचे, तेवढंच. गाडी सुरू झाली तशी खिडकीचा गज धरून म्हणाले, "घरी पोचली का फोन करजो."

अकोल्यापर्यंत मी बाहेर बघत होते. बडनेऱ्याला उतरले, कुलूप काढलं, पंखा लावला आणि फोन केला.

"मामाजी, घरी पोचले."

"हाव," ते म्हणाले.