शून्याच्या जागी एक

ये वं नातबाई, जवळ बस. दूर गावी असलीस तरी वाचताना जवळच बस. काल फोनवर काय म्हणत होती तू? "आजी, सिस्टम बंद पडली, पण माझी चूक नव्हती." मग कोणाची, सिस्टमच्या मायची? आमच्या वेळेस तर चूक आधीच ठरलेली राहे: पंचवाल्या बायांची.

तेव्हा मी नागपुरात एका सरकारी कचेरीत पंच ऑपरेटर होती. कॉम्प्युटर खोलीभर मोठं, थंडगार हवेत ठेवलेलं. चपला बाहेर काढूनच आत जायचं. शेजारच्या खोलीत आम्ही सहा जणी. कागदावरचे आकडे पुठ्ठ्याच्या कार्डावर छिद्रं पाडून उतरवायचे अन् ती कार्डं कॉम्प्युटर वाचे. ते थांबलं की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. कारण एकच, "पंचिंगची चूक", अन् पुढे जिचं कार्ड तिचं नाव. मी टेंपरवारी. तीनदा नाव आलं की घरी, असं आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. माझं दोनदा आलं होतं.

अशात संत्र्याच्या बागांची मोजणी आली. काटोल-नरखेडची कार्डं टाकली अन् कॉम्प्युटर ठप्प. पुन्हा टाकली, पुन्हा त्याच कार्डावर ठप्प. कार्ड माझं. त्यात फळावरची, म्हणजे यंदा फळं धरलेली, झाडं शून्य. कागदावरही शून्यच.

मोठ्या बाई म्हणाल्या, "झाडं तीनशे अन् फळावर एकही नाही? असं कुठं राहते? नीट वाच वं."

मले माहीत होतं, राहते. माझं माहेर काटोलकडचं. झाडं थकली की काका एखाद्या साली बहारच घेत नसत, फळ धरूच देत नसत. म्हणत, झाडालेही माहेरपण लागते. पण तिसऱ्यांदा नाव नको होतं. गुपचूप शून्याच्या जागी एक पंच केला. कॉम्प्युटर सुरसुर चाललं. मोठ्या बाईंनी चहा पाजला.

तो चहा काही गोड लागला नाही. तीनशे झाडांत ते एकटं फळावरचं झाड डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम लिहिणाऱ्या साहेबाकडे गेली. पुण्याकडचे, तरुणच. म्हटलं, "साहेब, काल शून्याचा एक मी केला. खरं शून्यच आहे." काकाचं माहेरपणही सांगितलं.

साहेबानं प्रोग्रामचा कागद काढला. "मी एकूण फळांना फळावरच्या झाडांनी भागलंय. शून्यानं भाग म्हटलं तर ते बिचारं थांबणारच. झाडं सुटीवर जातात हे मला कुणी सांगितलंच नाही."

"मग विचारलं काहून नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

दुपारी साहेब रजिस्टर घेऊन आमच्या खोलीत आले, सवयीनं जोडे बाहेर काढून. मोज्याले भोक. आम्ही सहाही जणी खाली माना घालून. कार्ड चाललं म्हणून कालच्या थांबण्याची नोंद राहूनच गेली होती; तिथं त्यांनी लिहिलं, "प्रोग्रामची चूक, माझी," अन् सही केली. मग पेन माझ्यापुढे धरला. मी लिहिलं, "शून्याचा एक मी केला." तिसऱ्यांदा नाव, अन् ते माझ्याच हातानं.

मोठ्या बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "ही पंचिंगची चूक का?"

"नाही," साहेब म्हणाले. "पंचिंग अगदी नीट केलंय. मुद्दाम केलंय."

"मग मुद्दामचा रकाना माझ्यापाशी नाही," म्हणून त्यांनी रजिस्टर मिटलं. मी रिटायर होईपर्यंत तिथंच होती.

तर बाई, आधी कागद नीट पाह्य, मग चूक कोणाची ते सांग. फोनवर नको, इथं येऊन सांग. लवकर ये. काकाची बाग यंदा सुटीवर नाही, फळावर आहे.