नकाशात चालणारी दोन बोटं

माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी या शहरातल्या लोकांचा जेवढा छळ केला, तेवढा निजामालाही जमला नसेल, असं मी जाहीर सभेत बोललो आहे आणि ते शब्द आजही मागं घेत नाही. बांधकाम परवानगीच्या कचेरीत नकाशे तपासण्याचं काम त्यांच्याकडं होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी ते उर्दूत नोकरीला लागले. पुढं कारभार मराठीत आला, टेबल तेच राहिलं, आणि आक्षेपाला ते शेवटपर्यंत ‘एतराज’च म्हणत. एतराज नसलेला नकाशा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाकीचे लोक फूटपट्टीनं तपासतात. हे बोटांनी तपासत. नकाशा पसरायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर पानाचा डबा, चष्म्याचं घर, दौत आणि समोरच्या माणसाचा हात ठेवायचा, आणि उजव्या हाताची दोन बोटं पायांसारखी दारातून आत चालवायची. बोटं म्हणजे कोण, तेही सांगत. “ही घरची म्हातारी. गुडघे दुखतात.” म्हातारी पायऱ्या मोजत वर जायची, न्हाणीपाशी थबकायची, आणि अर्ज परत. एका वकिलाच्या सासूला त्यांनी जिन्यात अर्धा तास उभं केलं होतं, शेवटी वकीलच काकुळतीला येऊन म्हणाला, “आता बसू द्या हो त्यांना.”

मी त्यांच्यापुढं गेलो तो मेंढपाळांच्या मुलींच्या वसतिगृहाचा नकाशा घेऊन. करमाड, गंगापूरकडच्या अठरा मुली आम्ही छावणीत एका पत्र्याच्या गोदामात ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात ते तापायचं, पावसात गळायचं. त्यातल्या सखूचा बाप दर महिन्याला येऊन एकच विचारायचा, “घर झालं का दादा?” दिवाळीपस्तोर वाट बघतो, नाय तर पोरगी मेंढरामागं नेतो, असं त्यानं बजावलं होतं. हे सगळं मी सासऱ्यांना तावातावानं सांगितलं. त्यांनी फक्त सखूचं वय विचारलं. नऊ, म्हटलं. “मग रात्री हातात कंदील असंल,” म्हणाले, आणि बोटं निघाली. पहिल्या खेपेला संडास लांब पडला. दुसऱ्या खेपेला कठडा नसलेला आड लागला. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावर धूर झाला, अठराजणी एकाच जिन्यानं खाली पळाल्या, आणि खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं निघालं. एवढ्या पोरी त्यावर आदळल्यावर ते उघडणार कसं?

“पोरगी अडकली, पुढारी.”

दार फिरवणं सोपं होतं. पण फेरअर्ज म्हणजे पुन्हा तीन महिने, आणि मी अन्यायापुढं वाकत नाही. मी ‘फाईल की फास?’ असं पत्रक काढून कचेरीच्या दारात वाटलं. दुसऱ्या दिवशी ते लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन परत आलं: ‘दुसऱ्या परिच्छेदात शिरलो. बाहेर पडायला वाट नाही.’ खरं सांगायचं तर नव्हतीच.

दिवाळी झाली. सखूचा बाप आला, या वेळी त्यानं काही विचारलं नाही, तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि तिला घेऊन गेला. त्याच थंडीत सासरे निवृत्त झाले. मी तोच नकाशा, तेच दार, नव्या साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी घडीसुद्धा न उलगडता शिक्का मारला.

तो शिक्का नाकासमोर धरावा म्हणून मी सासऱ्यांच्या घरी गेलो. भाड्याची एक खोली. दार उघडलं की खाटेला आपटायचं. अर्धांगवायूनं गेलेला उजवा हात पांघरुणावर पडला होता. मी नकाशा पसरला. “तुम्हीच चाला,” ते म्हणाले. मी दोन बोटं टेकवली. कधी नव्हे ती लाज वाटली.

“कोण हाय?”

“सखू.”

“कंदील?”

“आहे.”

जिना मी नको तितका हळू उतरलो. खालच्या दाराशी बोटं थांबली. त्यांनी डाव्या हातानं उशीखालची लाल पेन्सिल काढून माझ्याकडं सरकवली. शिक्क्याच्या शेजारी मी माझ्या हातानं एतराज लिहिला. म्हणजे अर्ज पुन्हा पहिल्यापासून, आणि गोदामात अजून सतरा मुली.

“ती पोरगी कुठंय आता?” त्यांनी विचारलं.

गंगापूरच्या पुढं, मेंढरामागं, उघड्यावर, मी म्हटलं.

“तिथं दारच नाय,” ते म्हणाले, आणि बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिले.