साखरेची कोपी

"तो पांढरा कोट काढ अन् हे घाल." साहेबांच्या मुलाने माझ्यापुढे एक साडी आणि बाप्याचा जुना शर्ट टाकला. ऊसतोड बाया साडीवर घालतात तसला.

मांजरसुंब्याजवळच्या मंगल कार्यालयात साहेबांचा वाढदिवस होता. साहेब आमच्या भागातले पुढारी, रानच्या रान ऊस. केक आमच्या बीडच्या बेकरी क्लासने केला होता. मी सरांकडे बघितलं. "घाल की, थोड्या वेळाचं काम आहे," ते म्हणाले. सरांच्या शिफारशीवर मला पुण्याच्या हॉटेलात नोकरी लागणार होती. नाहीतर पुढच्या हंगामात लग्न आणि हातात कोयता.

मी साडी नेसले, वर शर्ट घातला. डोक्याला फडकं बांधलं. राग आला नाही. लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

केकवर उसाचा फड होता, सगळा साखरेचा. पाक उकळायचा, रंग घालायचा, गरम असतानाच ओढून ओढून चकाकी आणायची. सकाळी घाईत माझी बोटं भाजली होती. टोकं बधिर होती. उसाची कांडी क्लासात माझ्यासारखी कुणाला जमत नव्हती. फडाच्या कडेची कोपी, ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी, तीही मीच केली होती. आई-बाप दरवर्षी कर्नाटकात ऊस तोडायला जातात. माझं लहानपण असल्याच कोप्यांत गेलं. म्हणून साखरेच्या कोपीत मी दगडांची चूल मांडली आणि एक झोळी टांगली. आतलं कोण बघतंय, असं सर म्हणाले होते. तरी टांगली. तसल्या झोळीत आधी मी झोपले, मग माझा धाकटा भाऊ.

मला केकशेजारी उभं केलं. हातात कोयता दिला. मोबाइल वर झाले. वाक म्हणाले, वाकले. हस म्हणाले, तेवढं जमलं नाही. पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हुबेहूब दिसती की गं." हुबेहूब कशाला? मी तीच होते.

मग साहेबांचा मुलगा म्हणाला, "पैला घाव तुझा. पाड ती कोपी. मंग साहेब केक कापतील."

लोक हसले. माझा हात वर गेला. कोपीच्या तोंडातून झोळी दिसत होती. हात तिथेच राहिला. पाचटाने हात चिरू नयेत म्हणून आई तो शर्ट घालते. माझ्या अंगावर तो या लोकांच्या करमणुकीसाठी होता. एवढं कळायला मला इतका वेळ लागला.

कोयता टेबलावर ठेवला. "मी ही कोपी पाडणार न्हाई."

शर्ट काढून कोयत्यावर टाकला. साडीवरच माझा कोट चढवला, बटणं लावली. बोटांना बटणं कळत नव्हती, म्हणून वेळ लागला. सगळे बघत होते. बघू देत.

कोपी साहेबांच्या मुलाने पाडली. टाळ्या झाल्या.

परतताना टेम्पोत सर म्हणाले, उद्या जाऊन साहेबांची माफी माग, नाहीतर शिफारस विसर.

दुसऱ्या दिवशी फडातून आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक घाव घातला असतास तर काय बिघडलं असतं? साखरंचीच व्हती ना?"

"साखरंचीच व्हती. पर मी आपली म्हणून केलती, आई."

पाठीमागून कुणीतरी तिला मोळ्या बांधायला हाक मारत होतं.

माफी मागायला मी गेले नाही. शिफारस गेली. क्लास सोडणार नाही. कोट घालूनच जाईन, साखर ओढेन, आणि नोकरी माझी मी शोधेन. नाहीच मिळाली तर फडात जाईन आणि पोटासाठी कोयता धरेन. कुणाच्या मोबाइलसाठी पुन्हा धरणार नाही.