संपर्क पलीकडून बंद

सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने आपोआप ठेवलेल्या नोंदी, शेवटाकडून वाचायचा असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. तोवर मी तो पहिल्या ओळीपासून, एकही ओळ न गाळता वाचत असे. मूल गावातल्या आमच्या कार्यालयात शेजारी बसणारी तरुण अभियंता काही दिवस ते मुकाट्याने पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, पोथी लावली का? बिघाड आत्ता झाला. शेवटचं पान उघडा ना."

महाविद्यालयात भाषा शिकवण्याचे माझे काम, विषयाला विद्यार्थी उरले नाहीत म्हणून, संपले होते. नवे काम मी तिच्याकडूनच शिकत होतो. आमची संस्था गडचिरोलीकडच्या जंगलातील गावांना त्यांचा बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकण्यासाठी मदत करते. गावागावांत एक संगणक आणि छपरावर इंटरनेटची एक छत्री दिलेली आहे; त्यावरून दर आठवड्याला बैठक होते. बैठकीत बोलायचे काम माझ्याकडे आले, कारण मी शुद्ध बोलतो असा समज होता. माणसांच्या नजरेला नजर देऊन बोलणे मला कधीच जमले नाही. पडद्याशी मात्र जमत असे.

त्यांपैकी एका गावाचा संपर्क प्रत्येक बैठकीत तुटे आणि काही वेळाने आपोआप जुळे. अखेर वरिष्ठांनी तिथला संगणक दुसऱ्या गावी हलवण्याचे ठरवले, आणि त्यापूर्वी लॉग पाहून कारण लिहून द्यायला मला सांगितले. संगणक गेला असता, तर बाजारभाव त्या गावाला पुन्हा व्यापाऱ्याच्याच तोंडून कळला असता.

लॉगमध्ये संपर्क दोन प्रकारे संपतो. नेटवर्क गेले, तर सर्व्हर पलीकडच्याला हाका मारीत राहतो आणि उत्तर येत नाही असे पाहून 'टाइमआउट' अशी नोंद करतो. पलीकडच्याने स्वतः बंद केले, तर तो जाण्यापूर्वी रीतसर निरोप घेतो आणि तशी नोंद होते. त्या गावाच्या नोंदींत टाइमआउट कुठेच नव्हता. प्रत्येक वेळी निरोप होता.

"हे नेटवर्क नाई, सर," ती म्हणाली. "त्यायनंच बंद केलं."

"का?"

"ते लॉग नाई सांगत."

मी बैठकांची ध्वनिचित्रमुद्रणे काढली आणि नोंदींच्या वेळा त्यांच्याशी ताडून पाहिल्या. संपर्क तुटण्याच्या क्षणी दर वेळी मीच बोलत होतो. अधिक नेमके सांगायचे, तर माझा प्रश्न नुकताच संपलेला असे. मला माझा वर्ग आठवला. मी फळ्याकडे वळलो की मागच्या दाराने मुले निघून जात, आणि ती जाताना दिसू नयेत म्हणून मी लिहीतच राहत असे. शेजारी बसलेल्या त्या मुलीकडे मला वर पाहता येईना. तिने खुर्ची हलकेच आपल्या टेबलाकडे वळवली, याचीच मला अधिक लाज वाटली.

तरीही अहवालात काही लिहायचे, तर विचारणे भाग होते. वायर तपासायची आहे असे सांगून मी त्या गावी गेलो. संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी चहा ठेवला. ओट्यावर आणखी काही बायका मोहफुले निवडत बसल्या होत्या. जी वायर चांगली असल्याचे मला ठाऊक होते, ती मी टोकापासून टोकापर्यंत चाचपली.

"वायर चांगली हाय, भाऊ," बाई म्हणाल्या. "मीच बंद करतो."

"माझं बोलणं समजत नाही का?"

"समजते ना. तुमी इचारता, अन् मंग पाहून राह्यता. पाव्हण्यासमोर भांडाव का आमी?"

तेव्हा उलगडले. या वर्षी बांबू जंगलाच्या कोणत्या बाजूचा तोडायचा, असे मी विचारी आणि लगेच उत्तराची वाट पाही. त्या गावात सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय उत्तर द्यायची रीत नाही. आणि एकमत होईपर्यंत वाद होतो, जुनी उणीदुणी निघतात. ते पाहुण्याने पाहायचे नसते. म्हणून ते दार लोटून घेत आणि ठरले की पुन्हा उघडत.

"आवाज बंद करायचं बटण आहे की," मी म्हणालो.

"आवाज बंद केला, तरी तुमचे डोये चालूच राह्यते ना."

ओट्यावरची एक म्हातारी गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. काय म्हणाल्या, असे मी विचारले.

"म्हणते, भाऊ बिचारा तोंड उघडं ठेवून बसते पडद्यात. त्याले कितीक वेळ तसा ठेवाव? बंद कर लवकर, म्हणते."

मीही हसलो, कान मात्र तापले होते. कोणी पाहत असताना तोंडातून शब्द न फुटणे म्हणजे काय, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? आणि तरीही, सगळे गाव माझ्यापुढे बसवून मी टक लावून पाहत होतो, आणि ते उठून गेले की आपला अपमान झाला असे समजत होतो.

अहवालात मी लिहिले की जोडणीत दोष नाही; प्रश्न विचारल्यावर विचारणाऱ्याने उठून जावे. वरिष्ठांनी तो वाचला आणि संगणक तिथेच ठेवला.

आता प्रश्न विचारून झाला की "बोलून घ्या" म्हणतो आणि संपर्क मीच बंद करतो. पहिल्यांदा तसे केले, तेव्हा शेजारची मुलगी लॉगची शेवटची ओळ पाहून म्हणाली, "सर, आता बिघाड आपल्याकडून होऊन राह्यला." त्या दिवशी गावाने पुन्हा संपर्क केलाच नाही. मी पडद्यावरच्या माझ्याच चेहऱ्यासमोर कार्यालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहिलो. पुढच्या बैठकीत बाई दिसल्या, तेव्हा काय झाले ते विचारावेसे वाटले. विचारले नाही.

"ठरलं नाई अजून," त्या आपणहून म्हणाल्या.

मी मान डोलावली आणि संपर्क बंद करायचे बटण दाबले.