कांद्याच्या पातीवरचा थेंब

माझ्या लेकीला पाण्याचे खेळ मीच शिकवले. काठोकाठ भरलेल्या पेल्यात हळूच टाचण्या सोडायच्या. पाणी वर फुगतं, पण सांडत नाही. पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरायचा. खालची हवा पुठ्ठा दाबून ठेवते. शहरातल्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर त्यामुळे कायम ओलं आणि मी कायम चिडलेली.

त्या रविवारी आम्ही दोघी पिंपळगावला, माझ्या धाकट्या भावाच्या मळ्यात गेलो होतो. कांद्यावर फवारणी चालली होती. बांधावर दोन निळी पिंपं, अगदी सारखी. एकात साधं पाणी, दुसऱ्यात कालवलेलं औषध. कांद्याची पात मेणचट, तिच्यावर पाणी ठरत नाही, म्हणून औषधात स्टिकर, म्हणजे चिकटवणारं द्रावण, घालतात. मग थेंब गोल न राहता पातीवर पसरतो. भावाने लेकीला हे सकाळीच दाखवलं होतं. नको ते दुसरंही दाखवलं होतं. पिंपातून पाणी काढायला नळीचं एक टोक आत, दुसरं तोंडात, आणि जोरात ओढायचं. हजारदा बजावलंय त्याला. ऐकेल तर शपथ!

मी वळून पाहिलं तर लेक पिंपांपाशी उभी. हातात नळी, हनुवटी ओली.

"मामासारखं पाणी काढलं," ती म्हणाली. "थोडंसं गिळलं गेलं."

"कुठल्या पिंपातलं?"

मी एवढ्या जोरात ओरडले की ती गांगरली. आधी एका पिंपाकडे बोट केलं, मग दुसऱ्याकडे, मग रडायलाच लागली. मी तिच्या तोंडाचा वास घेतला. पण सगळ्या वावरालाच औषधाचा वास येत होता.

भाऊ धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, औषध लय जहाल हाय गं."

"गाडी काढ आधी!"

तो गाडीकडे पळाला. नळीत अजून थोडं पाणी होतं. मी एक पात तोडली आणि नळी तिच्यावर झटकली. पहिला थेंब मातीत गेला. दुसरा पातीवर पडला. मी श्वास रोखून पाहत राहिले. थेंब गोल राहिला आणि घरंगळून खाली गेला. तिसराही तसाच.

तरी माझा विश्वास बसेना. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मग घरी न्या म्हणाले. तेव्हा कुठे मला तहान लागल्याचं कळलं.

परतताना भाऊ गाडी चालवत होता. लेक मला टेकून बसली होती.

"आई, थेंब गोल राहिला म्हणजे साधं पाणी होतं ना?"

"हो."

"आणि पसरला असता तर?"

मी तिचा हात घट्ट धरला, इतका की ती म्हणाली, "आई, दुखतंय."