सई जेवेना

बसा, चहा घ्या. मग ऐका, दुसऱ्यांच्या आयांना शहाणपण शिकवणारी ही बाई स्वतःच्या घरात कशी आपटली ते.

मी राजारामपुरीतल्या मुलांच्या दवाखान्यात नर्स. ‘पोर जेवत नाही’ म्हणून रडत येणाऱ्या आयांना मी रोज गप्प करते. “भूक लागली की जेवेल, मागं लागू नका,” हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि आमचीच सई, चौथीतली, रात्री भरल्या ताटावरून उठायला लागली.

“का गं? जेव की.”

“नको. भूकच न्हाय.”

पहिल्यांदा वाटलं, नखरे असतील. पण हे रोजचंच झालं. भाकरी नको, भात नको, आवडीचं ऑम्लेटसुद्धा नको. सासरे, म्हणजे आमचे आबा, शेजारी मान खाली घालून भात कालवत बसायचे.

नर्सचं पोर जेवेनासं झालं की काय होतं ठाऊक आहे? दुसऱ्या आईला एखादा आजार सुचतो, आम्हाला अख्खा वॉर्ड दिसतो. डोळे पिवळे आहेत का बघितलं, पोट दाबून बघितलं, जंताचं औषध पाजलं. शाळेत कुणी त्रास देतं का, तेही विचारलं.

“मला कोण देणार? मीच देतो की,” ती आमच्याकडच्या पोरींच्या ‘देतो-घेतो’ थाटात म्हणाली.

मग वजन केलं, तर ते वाढलेलं! आता सांगा, पोर जेवत नाही आणि वजन वाढतंय. म्हणजे सूज. म्हणजे किडनी. सकाळी तिच्या पापण्या बघत बसले. बघून बघून त्या मला खरंच सुजलेल्या दिसायला लागल्या. नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडतोय का बघायला. ती ओरडत पळाली.

“वजन वाढतंय तर बरंच हाय की,” नवरा म्हणाला. त्याच्यावर अशी खेकसले की तो गाडी काढून निघूनच गेला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी दवाखान्यात औषधांच्या खोलीत जाऊन मी रडले.

शेवटी लघवी तपासायला दिली आणि सईला आमच्याच डॉक्टरांपुढं उभं केलं. आबाही आले. नातीच्या काळजीनं त्यांचं तोंड उतरलंय, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, तिला नीट तपासलं. “सिस्टर, पोरगी ठणठणीत आहे. काय गं सई, संध्याकाळी काय खातेस?”

“काय न्हाय. दूध पितो. कट्ट्यावर.”

कट्टा म्हणजे आमच्याकडं संध्याकाळी गवळी जिथं म्हशी आणून उभ्या करतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात, ती जागा. तो एक प्याला की पुढचं जेवण विसरा. मी आबांकडं वळले. त्यांना म्हशीचं दूध त्यांच्या डॉक्टरांनी सक्त बंद केलेलं.

“म्या थेंबबी घेतला न्हाय. इचार तुझ्या पोरीला,” आबा म्हणाले.

“मग एवढ्याशा पोरीला तिथं नेता कशाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी कुठं न्हेतोय? ह्या सूनबाईच धाडत्यात माझ्यासंगं. फिरायला गेल्यावर मी दूध पितोय का, त्यावर ध्यान ठेवायला.”

हे तुम्हाला मघाशी सांगायचं राहिलंच.

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं.

“मी ध्यान ठेवतो की,” सई म्हणाली. “आबांना बघितलं की गवळीमामा न विचारता मोठा ग्लास भरतात. आबांना तर प्यायचं न्हाय. आणि तूच म्हणतीस, पुढं आलेलं टाकायचं न्हाय. मग माझा संपला की आबांचा पण मीच पितो.”

मग तिनं माझा हात धरला.

“आई, उद्यापास्नं तू पण चल की. मला एकटीला दोन ग्लास लई होतात.”

गेले की. आता रात्रीचं जेवण मला जात नाही.