दहा तारखेपर्यंत

एस्टर लेक गावात बर्फावरच्या हॉकीबद्दल काहीही विचारायचं झालं तर ओरेस्ट हॅव्रिलुकला विचारावं, आणि मग तासभर सुटका नाही हे धरून चालावं, असं सगळे मानत. न विचारताही तो बोलायचा, ते वेगळं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात हिवाळा सहा महिने हलत नाही. माणसाने बोलायचं तरी कशावर?

धान्याच्या कोठारावर गव्हाच्या गाड्या उतरवून घेण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही. बायको डारिया त्याच्या निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी गेली. पण घर कधी रिकामं पडलं नाही. गावच्या ब्लिझर्ड्स संघाकडून खेळायला लांबलांबून पोरं येतात, सोळा ते वीस वर्षांची, आणि गावातल्या घरांमधून राहतात. ओरेस्टच्या तळघरातल्या खोलीत आजवर सतरा पोरं राहिली. त्यांच्यासाठी तो गीडो, म्हणजे आजोबा. स्वतःच्या नातवाने म्हणावं तसंच ती म्हणत, आणि हा लोण्यासारखा वितळे.

अशा घरांचा एक न लिहिलेला कायदा असतो. घरात कळलेलं घरात राहतं. कोण आईशी फोनवर बोलून रडला, कोण प्रशिक्षकाला शिव्या देतो, कुणाचं काय दुखतं, यातलं अक्षर बाहेर जात नाही. डारियाने तो कायदा डोळ्यांत तेल घालून पाळला. ओरेस्टच्या तोंडाला एरवी कुलूप नव्हतं, पण या बाबतीत तोही पक्का होता. सतराव्या पोरापर्यंत.

सतरावा लेन मुर्चिसन. अल्बर्टातल्या गुरांच्या कुरणावर वाढलेला, एकोणीस वर्षांचा, संघाचा सगळ्यात मोठा फॉरवर्ड. बोलायचा कमी, खायचा भरपूर, आणि जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासायचा. नाताळच्या आधी एका सामन्यात कुणीतरी त्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर आदळलं आणि त्याचं उजवं मनगट दुखावलं. ही गोष्ट त्याच्याखेरीज दोघांनाच माहीत होती. एक ओरेस्ट, आणि दुसरा डेनिस पॅकेट, संघातल्या पोरांची दुखणीखुपणी बघणारा ट्रेनर. डेनिसने खरं तर व्यवस्थापकाला लगेच सांगायला हवं होतं. पण लेनने गयावया केली.

"दहा जानेवारीपर्यंत थांबा. दहाला दुपारी चारनंतर या हंगामात संघासंघांत खेळाडूंची अदलाबदल होत नाही. तोवर कळलं तर मला दुसऱ्या संघाला देऊन टाकतील. सोळाव्या वर्षापासून तीन घरं झाली माझी, गीडो. चौथं नको."

डेनिसने नोकरी पणाला लावून मान डोलावली. ओरेस्ट म्हणाला, "माझ्याकडून ब्र निघायचा नाही." आणि रोज सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून तो स्वतःच्या जाडजूड बोटांनी लेनच्या मनगटाला पट्टी बांधायला लागला.

सात जानेवारीला सकाळी बर्फाच्या मैदानालगतच्या कॉफीच्या टेबलावर नेहमीचे म्हातारे जमले. आजची कॉफी कुणाच्या माथी, हे ठरवायला फासे टाकून झाले. बाहेर उणे चौतीस. गावात एकच विषय होता: पश्चिमेच्या डोंगरातला कॅसल पासचा संघ आपला व्हिक्टर साल्मी द्यायला तयार आहे, आणि बदल्यात त्यांना लेन हवाय.

"देऊन टाका," मर्व्ह टॉफ्ट म्हणाला. मर्व्हने जन्मभर ट्रॅक्टर विकले होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट विकायला त्याचा जीव कचरत नसे. "साल्मी वीस वर्षांचा, तयार गडी. यंदाच कप आणेल. तुझ्या पोराने सात सामन्यांत गोल केलाय का एक तरी?"

"गोल म्हणजे सगळं नसतं," ओरेस्ट म्हणाला.

"नाही तर! फॉरवर्डने मग काय, स्वेटर विणायचे?"

टेबल खदखदून हसलं. काउंटरमागून कॉफी देणारी डोरीन ओरडली, "अरे म्हाताऱ्यांनो, दुकान डोक्यावर घेऊ नका!"

"तुला बघायला डोळे आहेत का, मर्व्ह?" ओरेस्टचे कान लाल झाले होते. "पोरगा पास बघ कसे देतो. पाय बघ त्याचे."

"पाय छान आहेत. नाचायला पाठव. ओरेस्ट, खरं सांगू का? तुझा लेन घाबरलाय. फटका मारायची वेळ आली की हात आखडता घेतो. मी तीन सामने बघतोय. भित्रा झालाय तो."

हे मात्र ओरेस्टला सोसलं नाही. कुणी त्याला स्वतःला काही म्हटलं असतं तर त्याने दोन देऊन चार घेतले असते. पण पोराला भित्रा?

"भित्रा?" त्याने टेबलावर हात आपटला. "अरे, मनगट मोडायला आलंय त्याचं! तीन आठवडे रोज सकाळी मी पट्टी बांधतोय, ओठ चावून उभा असतो तो! एका हाताने खेळतोय, एका हाताने! तरी तुझ्या साल्मीला भारी आहे!"

मर्व्हचं तोंड उघडं ते उघडंच. इतक्या वर्षांत मर्व्हला असं निरुत्तर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ओरेस्टने ऐटीत कॉफीचा घोट घेतला. तो घोट गळ्याखाली उतरेपर्यंत त्याला भान नव्हतं आपण काय केलंय त्याचं. मग त्याने कप खाली ठेवला.

"हे इथंच राहू द्या हं," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मर्व्हनेही हलवली. मर्व्हचा जावई संघाच्या कार्यकारिणीवर होता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने लेनला बोलावून एक्स-रे काढायला धाडलं. सहा आठवडे सक्तीची विश्रांती निघाली. ब्लिझर्ड्सना यंदाच जिंकायचं होतं, त्यांना सहा आठवडे परवडणारे नव्हते. कॅसल पासवाल्यांचा डोळा पुढच्या वर्षावर होता, त्यांना परवडत होते. नऊ तारखेला दुपारी व्यवहार झाला: लेन तिकडे, साल्मी इकडे. दुखणं लपवल्याबद्दल डेनिसला सगळ्यांसमोर झापलं, आणि त्याची ठरलेली बढती गेली ती गेलीच.

लेनने तासाभरात सामान भरलं. हॉकीच्या स्टिक्स पिकअपमध्ये टाकल्या आणि अंगणात ओरेस्टसमोर येऊन उभा राहिला.

"गीडो, माहीत असलेले आपण तिघंच होतो ना? मग कुणी सांगितलं?"

ओरेस्टला खरं बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण समोर त्या पोराचे डोळे होते, आणि ते डोळे आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या नजरेने बघतील हे त्याला सहन होणार नव्हतं.

"मी नाही," तो म्हणाला.

बस, दोन शब्द. लेनने मान डोलावली. "मग डेनिसच. त्याला नोकरी सांभाळायची असणार." त्याने ओरेस्टला घट्ट मिठी मारली आणि गाडी सुरू केली. मैदानापाशी डेनिस निरोप द्यायला थंडीत उभा होता. लेनने गाडी थांबवली नाही.

त्यानंतर मर्व्हचंच म्हणणं खरं ठरलं. साल्मीने गोलांचा पाऊस पाडला, कप आला, अग्निशमन दलाच्या बंबावरून मिरवणूक निघाली. ओरेस्टनेही टाळ्या वाजवल्या. साल्मीला घरी ठेवशील का, असं क्लबने विचारलं होतं, तेव्हा तो गुडघ्याचं कारण सांगून सुटला. अठरावं पोर त्याने घेतलं नाही. कॉफीच्या टेबलावर तो बसायचा, पण वाद रंगात आला की उठून जायचा. "म्हातारा झाला," लोक म्हणाले.

डेनिस त्याला आठवड्यातून दोनदा तरी भेटे. "लेनचा काही फोन?" तो विचारायचा. "माझे उचलत नाही. तुम्हाला काही बोलला का, माझं काय चुकलं ते?" ओरेस्ट म्हणायचा, "पोरं असतात अशी." घरी येऊन तो टीव्ही मोठ्याने लावायचा.

लेन मात्र दर रविवारी दुपारी फोन करायचा. पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, खेळणं सुटून कुरण सांभाळायला लागल्यावरही. सात वर्षांत एखाददुसरा रविवार चुकला असेल. ज्या फोनची वाट बघावी त्याच फोनची धास्ती वाटावी, अशी ओरेस्टची गत झाली.

गेल्या मे महिन्यात एका रविवारी लेन म्हणाला, "गीडो, लग्न ठरलंय. ऑगस्टमध्ये. वडिलांच्या जागी तुम्ही चार शब्द बोलायचे. मी हिला सांगून ठेवलंय, त्या गावात दिलेला शब्द पाळणारा एकच माणूस होता."

ओरेस्ट अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता.

"लेन," तो म्हणाला, "डेनिसने नाही सांगितलं. मी सांगितलं. मर्व्हशी भांडताना, कॉफीच्या टेबलावर. तो तुला भित्रा म्हणाला म्हणून. आणि अंगणात मी तुझ्याशी खोटं बोललो."

पलीकडे कुरणावरचं वारं ऐकू येत होतं. कुत्रं भुंकलं, थांबलं. शिवी आली असती तरी त्याने ती आनंदाने घेतली असती.

"सात वर्षं," लेन म्हणाला. मग: "डेनिसचा नंबर तोच आहे का?"

"नाही. बदललाय."

"सांगा."

ओरेस्टने सांगितला. लेनने शेवटचे दोन आकडे पुन्हा विचारले, लिहून घेतले, आणि फोन ठेवला. लग्नात बोलायचं की नाही, ते विचारायचं राहूनच गेलं.